जबड्याच्या ऑपरेशननंतर १५-२० वर्षांनी गालात गाठ? जुने ऑपरेशन डॉक्टरांना जरूर सांगा

देवळाली कॅम्प : गाल जड वाटतो, वरची दाढ ठणकते, एका बाजूचे नाक चोंदते. सर्दी किंवा किडलेला दात समजून लोक महिनोन्‌महिने गोळ्या घेतात. मात्र पूर्वी वरच्या जबड्याचे ऑपरेशन झाले असेल, तर कारण वेगळे असू शकते. गालाच्या हाडात सिस्ट, म्हणजे द्रव भरलेली गाठ, तयार झालेली असू शकते.

गाठ कशी होते?
नाकाच्या दोन्ही बाजूंना गालाच्या हाडात सायनसची पोकळी असते. तिच्या आतल्या अस्तरातून सतत चिकट पाणी स्रवते आणि नाकात उतरते. वाकडा किंवा पुढे आलेला जबडा सरळ करताना हे हाड कापून प्लेट-स्क्रूने बसवतात. त्या वेळी अस्तराचा तुकडा हाडात अडकला, तर त्याचे पाणी बाहेर पडत नाही. पाटाला वाट नसली की पाणी तुंबते, तसेच हे. गाठ हळूहळू वाढते आणि भोवतालचे हाड झिजवते. जपानमधील कुबो यांनी १९२७ मध्ये या आजाराची नोंद केली. सायनसचे जुन्या पद्धतीचे ऑपरेशन किंवा अपघातात गालाचे हाड मोडल्यानंतरही अशी गाठ होऊ शकते.

लक्षणे कोणती?
गालावर किंवा हिरडीवर सूज, दुखणे, दात हलणे, पू येणे. अनेकांना काहीच त्रास नसतो. दातांच्या एक्स-रेमध्ये गाठ अचानक दिसते. डोळा सुजला, पुढे आला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणी व उपचार
ओपीजी एक्स-रे व सीटी स्कॅनवरून गाठीचा अंदाज येतो. गाठ पूर्ण काढतात किंवा दुर्बिणीतून नाकात वाट करून देतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे, तरी खात्रीसाठी तुकडा तपासायला पाठवतात. नुसत्या गोळ्यांनी गाठ जात नाही.

कुठे दाखवावे?
परिसरातील रुग्णांना कॅन्टोन्मेंट रुग्णालयात प्राथमिक तपासणी करून घेता येईल. पुढे नाशिकचे जिल्हा रुग्णालय किंवा पंचवटीतील केबीएच दंत महाविद्यालय आहे. जाताना ऑपरेशनचे जुने कागद व एक्स-रे सोबत न्यावेत. कागद हरवले असतील, तर ऑपरेशनचे वर्ष तरी सांगावे.