मे महिन्यातली द्राक्षं

आमच्या चौकडीच्या सहलींचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यात खलिते फार आणि मोहिमा थोड्या असंच म्हणावं लागेल. 1974 साली कॉलेज सुटलं तेव्हा आम्ही रायगडावर जायचं ठरवलं. ते अजून ठरलेलंच आहे. गोव्याला जायचं तीन वेळा ठरलं, त्यातल्या दोन खेपांना तर बॅगासुद्धा भरल्या होत्या. मधूचं म्हणणं असं, की आपण कुठं गेलो नाही म्हणूनच आपली मैत्री टिकली.

पण गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट निराळी होती. मधू जूनमध्ये मुलीकडे मेलबर्नला निघाला होता. कायमचा. वहिनी गेल्याला दोन वर्षं झाली होती, जागेचा सौदा झाला होता, लोखंडी कपाट बाळ्यानं नेलं होतं. मागे राहिलो होतो ते आम्ही तिघं. आम्हाला कोण विकत घेणार?

"अरे लेको, निदान एकदा तरी कुठंतरी जाऊ," दिगू म्हणाला. आणि लगेच त्यानं ठिकाणही काढलं. नाशिक. त्यातही पंचवटी नव्हे, तर वाइनच्या बागा. दिगूचा मुलगा एकदा उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन आला होता. त्याच्या फोटोत हिरवेगार मळे होते, गवताची टोपी घातलेली माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात पेला होता. तेव्हापासून टोपी घालून मळ्यात उभं राहायचं दिगूच्या मनानं घेतलं होतं.

हरकती यायच्या त्या आल्याच. बाळ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "1949 चा मुंबई दारूबंदी कायदा अजून रद्द झालेला नाही. प्यायला परवाना लागतो. या वयात पकडलो गेलो तर पेन्शनचं काय?" मधू तर आयुष्यात सुपारीच्या पलीकडे गेलेला नाही. आणि आमची ही म्हणाली, "अहो, पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवलात तुम्ही. काय म्हणतील लोक?"

तिच्या बोलण्यातला 'इतिहास' तेवढा मी उचलला. म्हटलं, या सहलीला सांस्कृतिक अधिष्ठान दिलं की झालं! आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला दोन हजार वर्षांचा दाखला दिला की घरचे लोक फराळाचं बांधून देतात.

आणि दाखला निघाला की हो! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूच्या खात्यासाठी 'सुराध्यक्ष' नावाचा अधिकारीच नेमलेला आहे. पिण्याची जागा कशी असावी, तर तिथं वेगवेगळ्या खोल्या असाव्यात, आसनं आणि बिछाने असावेत, सुगंध, फुलं, पाणी असावं आणि ती त्या त्या ऋतूत सुखाची असावी. वर गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला हेर असावेत. हे ऐकून बाळ्याला फार बरं वाटलं. आपलं खातं इतकं जुनं आहे याची त्याला कल्पना नव्हती.

पण खरी मौज पुढेच आहे. द्राक्षाच्या रसाच्या मद्याला कौटिल्यानं नाव दिलंय 'मधु'! त्यातही प्रदेशावरून दोन प्रकार सांगितलेत, कापिशायन आणि हारहूरक. कापिशायन म्हणजे कापिशीचं, आजच्या अफगाणिस्तानातलं. हा शब्द कसा तयार होतो ते सांगायला पाणिनीनं एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आहे. गावाच्या नावानं बाटली विकायची अक्कल ही काही फ्रेंचांची मिरास नव्हे.

"म्हणजे मी दारू?" मधूनं विचारलं.

"नुसती नव्हे, द्राक्षाची," दिगू म्हणाला. "आणि मुरलेली."

मधू दुखावला. मग मी त्याला हळूच विचारलं, जेवणानंतर तू दोन चमचे घेतोस ते काय? तो म्हणाला, द्राक्षासव. पचनाला. बाटली आणायला लावली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे. चाळीस वर्षं हा गृहस्थ रोज दोन्ही वेळा घेत होता आणि आम्हाला लग्नाच्या पंगतीत सोडा पितो म्हणून नावं ठेवत होता!

आता प्रश्न नाशिकचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की भडोचच्या बंदरात परदेशी वाइन उतरायची आणि तिच्यात पसंती इटलीच्या वाइनला. त्याच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर आणखी दहा दिवसांवर, असंही तो सांगतो. नेवाशाला प्रवरेकाठी 1954 ते 56 मध्ये सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं, तेव्हा परदेशी दुकानी रांजणांची खापरं मिळाली. अशा रांजणांतून वाइन यायची, तेल यायचं. भडोचहून पैठणला जाणारी बैलं नाशिकवरून गेली असतील, तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी एखाद्या गाडीवानानं रांजणाचं झाकण उघडून बघितलंच नसेल असं मला तरी म्हणवत नाही. माणसाचा स्वभाव शतकांनी बदलत नाही.

वेल मात्र नंतरची. महंमद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दिल्लीच्या माणसांबरोबर द्राक्षाची वेलही दख्खनला आली असं सांगतात. मी शाळेत ही राजधानी दरवर्षी दिल्लीहून दौलताबादला आणि दौलताबादहून दिल्लीला हलवत असे. त्या वेड्या महंमदानं दख्खनला काहीतरी दिलं, हे पोरांना सांगायचं राहूनच गेलं.

अगदी अलीकडचं म्हणाल तर 1980 च्या दशकात नारायणगावला फसफसणारी वाइन तयार होऊ लागली आणि परदेशी गेली. 1999 साली नाशिकला सुला सुरू झाली. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण काढलं आणि वाइन उद्योगाला सवलती दिल्या. विंचूरला त्यासाठी खास वसाहत झाली. पानिपतावरून जिवंत परत आलेल्या विठ्ठल शिवदेवांचं हे विंचूर! सरदारांच्या गावी पिंपं मुरताहेत आणि शेजारी लासलगावला कांद्याचा लिलाव चाललाय. एवढा इतिहास ऐकल्यावर ही फक्त म्हणाली, "दशम्या देऊ का?"

मोहीम फत्ते झाली असं वाटलं. दिगूनं टोपी घेतली. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याची दिंडोरीजवळ द्राक्षाची बाग आहे. म्हटलं, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय.

पलीकडे जरा शांतता. मग, "या ना सर. पण... बघायला काय येताय?"

"काय म्हणजे? द्राक्षं!"

"सर, द्राक्षं मार्चमध्येच संपली."

फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते, उन्हाळ्यात फुलते आणि घड सप्टेंबरच्या सुमारास उतरतात. आमच्याकडे थंडी ती काय, वेलीला झोपच येत नाही. पावसात घड आले तर कुजतील. म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि मग जानेवारी ते मार्च घड. मे महिन्यात बागेत काय असतं? ऊन असतं. आणि पानं.

तातडीची सभा भरली. दिगूचं तोंड टोपीएवढं उतरलं होतं. बाळ्या म्हणाला, "रद्द करू. फेब्रुवारीत जाऊ." आणि लगेच गप्प बसला. फेब्रुवारीत चौथा माणूस नव्हता.

मधूच बोलला. "आपण द्राक्षं बघायला थोडेच चाललोय? आता गेलो नाही तर रायगड होईल."

आणि काय सांगू, आम्ही गेलो! कसारा घाटात दशम्या संपल्या. वाइनच्या कारखान्यात एका चुणचुणीत मुलीनं पेला कसा धरायचा ते शिकवलं. मला सगळ्या वाइन सारख्याच लागल्या, पण मी दर वेळी "वा!" म्हटलं. मधूनं एक घोट घेतला आणि म्हणाला, "द्राक्षासव बरं. ते गोड तरी असतं."

संध्याकाळी बागेत गेलो. मांडवावर नुसत्या कोवळ्या काड्या. दिगू टोपी घालून उभा राहिला, आम्ही फोटो काढला. मधू एका वेलीशी थांबला होता. "यात काहीच नाही?" त्यानं विचारलं.

विद्यार्थ्यानं एक काडी हलकेच धरली. पानाच्या बेचक्यात एक डोळा होता, मुगाच्या दाण्याएवढा. "सर, खरं तर सगळं आत्ताच ठरतं. छाटणीनंतरच्या या दीड-दोन महिन्यांतच डोळ्याच्या आत घड तयार होतो. दिसत नाही इतकंच. फेब्रुवारीत जे खायचं, ते इथं आत्ताच आहे."

मधू बराच वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही ओळ कितवी?"

"सातवी."

"लक्षात ठेव रे," तो मला म्हणाला. पस्तीस वर्षं सनावळ्या पाठ करून घेणाऱ्या माणसाला हे सांगायची काही गरज होती का?

जूनमध्ये त्याला विमानतळावर सोडायला गेलो. दारातून आत जाताना त्यानं खिशातून एक कागद काढून दाखवला. फेब्रुवारीचं तिकीट होतं. मेलबर्न ते मुंबई.

तेव्हा फेब्रुवारीत नाशिकला जायचं ठरलं आहे. आमचं ठरणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच. पण तिकीट काढून ठरलेली ही आमच्या इतिहासातली पहिलीच मोहीम. दिगूनं टोपी कपाटात ठेवली आहे, डांबराच्या गोळ्या घालून.