डॉ. कमल रणदिवे : शोधनिबंधांची गणना आणि कार्याचे मोल

हिंजवडीच्या शेतजमिनींवर गेल्या काही दशकांत संगणकाच्या कचेऱ्यांबरोबर जीवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळाही उभ्या राहिल्या. आपल्या समाजातील मुलेमुली आता अशा ठिकाणी संशोधनाचे काम करू लागली आहेत. त्यांची योग्यता ठरविताना दोन आकडे विचारले जातात : शोधनिबंध किती छापले, आणि इतर संशोधकांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले? हे आकडे कितपत प्रमाण मानावेत, हे पाहण्यासाठी पुण्यातच जन्मलेल्या एका थोर विदुषीच्या कार्याकडे वळणे आम्हांस इष्ट वाटते.

डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समरथ, ह्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कन्येने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. कमलताईंचा ओढा मात्र जीवशास्त्राकडे. हुजूरपागा व फर्ग्युसन येथील शिक्षणानंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ साली एम्. एस्सी. पदवी मिळविली. विवाहानंतर त्या मुंबईस गेल्या, आणि विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच्. डी. झाल्या. पुढे अमेरिकेत, बाल्टिमोर येथील डॉ. जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली.

स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू ह्यांच्याशी काय संबंध आहे, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी तपासले. कर्करोग व कुष्ठरोग ह्या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९८२ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले.

दोनशे ही संख्या लहान नव्हे. परंतु दाखले मोजण्याची आजची पद्धती त्या काळी रुळलेली नव्हती. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड ह्यांनी तिची कल्पना १९५५ साली मांडली, आणि त्यांची दाखल्यांची सूची १९६४ साली प्रसिद्ध होऊ लागली. तोवर मुंबईची प्रयोगशाळा कामास लागून बराच काळ लोटला होता.

शिवाय, एखाद्या कामाचे फळ केव्हा व कोठे लागेल, हे मोजदादीस आधी कळत नाही. कमलताई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात कुष्ठरोग्यांच्या ऊतींतून मिळविलेले जंतू प्रयोगशाळेत वाढविले. त्यांच्यापासून त्याच संस्थेतील पुढील संशोधकांनी लस तयार केली. दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी झाली व १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ६५ टक्के संरक्षण दिसून आले. मूळ कामास तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती!

डॉ. गाय ह्यांचे उदाहरणही बोलके आहे. हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातून, तिची संमती न घेता, मिळालेल्या पेशी १९५१ साली त्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम अखंड वाढू लागल्या. १९५२ साली त्याविषयी छापला गेला तो केवळ एक छोटा सारांश. मात्र त्या पेशी जगभरातील सहस्रावधी शोधनिबंधांचा आधार ठरल्या. जिच्या देहातून त्या आल्या, तिचे नाव कित्येक वर्षे कोणत्याही यादीत नव्हते.

तात्पर्य, दाखल्यांचा आकडा निरर्थक नव्हे; कोणाचे लेखन इतरांच्या उपयोगी पडले, ह्याची ती एक खूण आहे. परंतु प्रयोगशाळा उभारणे, विद्यार्थी घडविणे, दुसऱ्यांसाठी वाट तयार करणे, ह्यांची नोंद त्या खात्यात होत नाही. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत कमलताईंनी पुढाकार घेतला. त्या श्रमाचा दाखला कोणता निबंध देणार? २००१ साली त्यांचे निधन झाले, परंतु तो संघ आजही कार्यरत आहे.

कमलताईंचे ऋण कोणा एका ज्ञातीवर नाही. ते सर्व समाजावर आहे. म्हणून आमची आपल्या कुटुंबांस नम्र विनंती अशी की, घरातील मुलगी वा सून संशोधनात पडली, आणि पाच वर्षांत तिच्या नावावर दोनच निबंध दिसले, तर ती मागे पडली असे मानू नये. तिने कोणते काम हाती घेतले आहे, आणि ते उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी विचारावे. त्या प्रश्नास उत्तर असेल, तर तिला धीर व अवधी देणे हे आपले कर्तव्य होय.