कॉफीचा दांडा आणि कॉफीचे बटण

मंडळी, लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात उभे असलेले ते फुसफुसणारे उंच यंत्र आठवते का? पेल्यात इन्स्टंट कॉफीची पूड आणि साखर घालायची, दूध ओतायचे, वाफेची नळी बुडवायची आणि फेसावर चिमूटभर चॉकलेटची पूड. त्याला आपण बिनदिक्कत 'एस्प्रेसो' म्हणत आलो. खरी एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी जोराने रेटून अर्ध्या मिनिटात काढलेला घोटभर अर्क. आपल्या मांडवातली वाफ होती दुधासाठी, कॉफीवर दाब कुणी देतच नव्हते. (लागायची मात्र झकास, हेही सांगून टाकते.)

हा दाब आणायचा कुठून, यातच कॉफीच्या यंत्राचा निम्मा इतिहास आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे सनावळीतून तुमची सुटका नाही. इटलीतल्या तुरिनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेवरच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते एकदम पुष्कळ कॉफी काढी. एकेका गिऱ्हाइकापुरता कप काढायची युक्ती मिलानच्या लुइजी बेझेरा यांची, १९०१ ची. देसिदेरिओ पावोनी यांनी ते पेटंट विकत घेऊन १९०५ पासून यंत्रे बाजारात आणली. पण वाफेचा दाब जेमतेम दीड बार, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दीडपट. तो वाढवावा तर पाणी जास्त तापते आणि कॉफी करपट लागते.

ही कोंडी फोडली आकिले गाज्जिया यांनी. हे गृहस्थ मिलानमध्ये कॉफीचे दुकान चालवत. पहिले पेटंट १९३८ चे, मग मध्ये महायुद्ध, आणि १९४८ च्या सुमारास त्यांचे दांड्याचे यंत्र आले. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळली जाई. सोडला की ती पाण्याला कॉफीतून रेटी. दाब एकदम आठ-नऊ बारांवर गेला आणि कपात प्रथमच तो सोनेरी फेस दिसला. आता पाणी फार तापवायला नको होते. मात्र हा जोर कुणाचा होता? दांडा ओढणाऱ्या माणसाच्या दंडाचा. तो दंड सुटला १९६१ साली, फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रामुळे. त्यात विजेचा पंप होता. त्या वर्षी इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, त्यावरून हे नाव.

तरी दळणे, मोजणे, दाबून बसवणे आणि शेवटी चोथा झटकणे ही कामे हातालाच होती. दुकानात ठीक, घरी कोण करणार एवढे? बोलोन्याजवळच्या डोंगरातले गाज्जो मोंतानो नावाचे गाव आहे. सर्जो झापेल्ला आणि आर्थर श्मेड यांनी १९८१ साली तिथे साएको कंपनी काढली आणि १९८५ मध्ये घरात ठेवता येईल असे 'सुपरऑटोमॅटिका' यंत्र आणले. वरच्या भांड्यात अख्ख्या बिया टाका, बटण दाबा; आतली चक्की दळते, पूड एका कप्प्यात पडते, दट्ट्या ती दाबतो, पंप पाणी सोडतो आणि उरलेल्या चोथ्याची चकती आपोआप खालच्या खणात पडते. पुढे १९९९ मध्ये साएकोनेच गाज्जिया कंपनी विकत घेतली, म्हणजे बटणाने दांडा गिळला! २००९ मध्ये साएकोलाही फिलिप्सने घेतले. आज दुकानात दिसणारी बहुतेक घरगुती स्वयंचलित यंत्रे याच चालीने चालतात.

आता हे पुराण कशासाठी, तर घरच्या मंडळींनी विचारले, "काकू, तुम्हा दोघांना एवढ्या महागड्या यंत्राची गरज काय?" गरज आहे. आमच्याकडे सकाळची कॉफी हे करतात. लग्न झाल्यापासून त्यात खंड नाही. दोन वर्षांपूर्वी ह्यांना कंपवात झाल्याचे निदान झाले. आता पितळी फिल्टरवर उकळते पाणी ओतताना हात थरथरतो. मी करते म्हटले की हे गप्प बसतात, आणि ते गप्प बसणे मला बघवत नाही.

तेव्हा वेतन आयोगाच्या फरकातले चाळीस हजार बाजूला काढले आहेत. या रकमेत नावाजलेल्या कंपनीचे साधे यंत्र येते, सर्व सोयींचे येत नाही. मग पैसे कशाला मोजायचे? जे काम ह्यांच्या हाताला जमत नाही त्याला. दळणे, दाबणे, उकळते पाणी ओतणे एवढे यंत्राने करावे. दुधाचा फेस काढणाऱ्या नळ्यांना जादा पैसे द्यायचे नाहीत. त्या रोज धुवाव्या लागतात आणि दूध मी गॅसवर तापवतेच. काचेचा स्पर्शपडदाही नको. थरथरत्या बोटाने तिथे भलतेच काही सुरू व्हायचे. ठसठशीत, दाबली की कळणारी बटणे हवीत. खोक्यावरच्या '१५ बार' या आकड्याला भुलायचे नाही, कॉफीला नऊच्या आसपास पुरतात. कॉफी दाबणारा आतला भाग बाहेर काढून नळाखाली धुता आला पाहिजे, ही माझी अट, कारण तो धुणार मी. काही महागड्या यंत्रांत तो आतच बसवलेला असतो. आणि आपल्या गावात दुरुस्ती कोण करतो, हे पैसे देण्याआधी विचारायचे. आमच्याकडचे पाणी जड, क्षार साचणारच.

बियांचा खर्च वेगळा. कपाला आठ-दहा ग्रॅम धरले तर रोजच्या चार कपांना महिन्याला किलोभर लागतील. बिया फार काळ्या, तेलकट भाजलेल्या नकोत, चक्कीला चिकटतात. चिकोरी मात्र सुटणार, कारण तिच्या काही बिया मिळत नाहीत. ती असते भाजलेली मुळी. ह्यांना ते जरा जड गेले. मग विचारले, "आणि जायफळ?" ते यंत्रात घालायचे नाही, कपावर किसायचे. किसणी माझ्याकडे.