कुलूप, पावती आणि विमानाचे पोट

प्रवाशाने सोपवलेले सामान त्याच्या नजरेआड कुणाच्या ताब्यात असते, हा प्रश्न विमानांआधी रेल्वेला पडला होता. अमेरिकी रेल्वेने एकोणिसाव्या शतकात त्यावर पितळी बिल्ल्यांची जोडी काढली. एक बिल्ला पेटीला बांधायचा आणि त्याच क्रमांकाचा दुसरा प्रवाशाच्या हाती द्यायचा. 1882 साली कॅनडातील मंक्टनच्या जॉन मायकेल लायन्स यांनी फाडून दोन भाग करता येणाऱ्या कागदी चिठ्ठीचे पेटंट घेतले. विमान कंपन्यांनी पुढे हीच पद्धत उचलली.

1929 च्या वॉर्सा कराराने सामानाच्या पावतीला कायद्याचे वजन दिले. भरपाई मात्र किलोवर ठरली: सोपवलेल्या सामानाच्या दर किलोला जास्तीत जास्त 250 सुवर्ण फ्रँक. किलोभर पैठण्या गेल्या काय आणि किलोभर जुन्या चपला गेल्या काय, मर्यादा तीच! जास्त किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय होती. पुढे कितीतरी वर्षे तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत किलोमागे 20 डॉलर हा आकडा छापलेला असे.

कागदाबरोबर पेटीही बदलत होती. मुंबईच्या व्हीआयपीसारख्या कंपन्यांनी कडक कवचाच्या, कुलुपाच्या सुटकेसी घरोघरी पोचवल्या. नंतर हलक्या, चेनच्या बॅगा आल्या आणि चोराचे काम सोपे झाले. बॉलपेनचे टोक दाबले की चेनचे दात सुटतात. हात घालून हवे ते काढायचे आणि चेनची पकड मागे-पुढे फिरवली की दात पुन्हा जुळतात. कुलूप जसेच्या तसे राहते. मालकाला हे घरी बॅग उघडल्यावर कळते. तोवर चोरी कोणत्या विमानतळावर झाली, हे सांगणे अवघड होऊन बसते.

या बाबतीत आखातात कामाला जाणाऱ्यांचे खोके अधिक शहाणपणाचे म्हणायला हवेत. कोकणातून, केरळातून जाणारे लोक परतताना खोक्याला चिकटपट्टी लावत, नायलॉनची दोरी आडवी-उभी आवळत आणि नाव-गाव जाड अक्षरांत लिहीत. दोरीने चोर अडत नसे, पण गाठ सोडायला वेळ लागे आणि पुन्हा बांधलेली गाठ मालकाला ओळखू येई.

जून 1985 मध्ये एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने पडले आणि 329 जण मारले गेले. बॉम्ब ठेवलेल्या बॅगेचा प्रवासी विमानात चढलाच नव्हता. मालकाशिवाय बॅग चढू नये, हा आग्रह अशा घटनांतून वाढला. भारतात बरीच वर्षे प्रवाशांना विमानाजवळ नेऊन आपापली बॅग ओळखायला लावत. हेतू घातपात टाळण्याचा होता, पण बॅग तिथवर सुखरूप आल्याचे मालकाला आपसूक दिसे.

अमेरिकेत सुरक्षेने कुलूपच काढायला लावले. सोपवलेल्या प्रत्येक बॅगेची तपासणी 2002 च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा बॅगा उघड्या ठेवण्याचा सल्ला मिळाला. बंद असतील तर कुलूप तोडले जाई. 2003 मध्ये ‘ट्रॅव्हल सेंट्री’ या कंपनीने तोडगा काढला: तपासनिसांकडच्या मास्टर किल्लीने उघडणारे, लाल चौकटीच्या खुणेचे कुलूप. 2014 मध्ये एका वृत्तपत्रात या किल्ल्यांचे स्पष्ट छायाचित्र छापले गेले. पुढच्या वर्षी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या घडवण्याचे आराखडे इंटरनेटवर फिरू लागले. तरीही ती कुलपे आजही विकली जातात.

यानंतर भर पडली ती मुख्यतः नोंदींची. दहा अंकी बारकोडमुळे प्रत्येक बॅगेला स्वतंत्र ओळख मिळाली होती. प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी देताना आणि परत करताना बॅगेची नोंद ठेवणे 2018 पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने सदस्य कंपन्यांना बंधनकारक केले. 2021 मध्ये आलेल्या एअरटॅगसारख्या बिल्ल्यांमुळे मालकालाही बॅग कुठे आहे ते दिसू लागले, पण आतून काय गेले हे त्यातून कळत नाही.

भरपाईच्या बाबतीत 1999 च्या मॉन्ट्रियल कराराने किलोचा हिशेब सोडून प्रवाशामागे मर्यादा घातली. डिसेंबर 2024 पासून ती 1,519 एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी चलनाची तेवढी एकके, इतकी आहे. दागिने, रोकड सोपवलेल्या बॅगेत ठेवू नये, असे कंपन्यांच्या अटी सांगतात. नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. चोरीचा संशय असल्यास पट्ट्याच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी बॅग पुन्हा वजन करून घेता येते आणि सोपवतानाच्या वजनाशी आलेला फरक तक्रारीत नोंदवता येतो.