दिनविशेष, ८ फेब्रुवारी : स्नोबोर्डिंगचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण

१९९८ : जपानमधील नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांच्या जायंट स्लॅलममध्ये कॅनडाचा रॉस रेबाग्लियाती या खेळातील पहिला ऑलिम्पिक विजेता ठरला. दोन फेऱ्यांच्या एकूण वेळेत त्याने इटलीच्या थॉमस प्रुगरला अवघ्या ०.०२ सेकंदांनी मागे टाकले. चाचणीत गांजाचा अंश आढळल्याने त्याचे पदक काढून घेण्यात आले; मात्र क्रीडा लवादाने तो निर्णय रद्द केला आणि सुवर्ण त्याच्याकडेच राहिले. याच ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सची कॅरिन रुबी महिलांतील पहिली विजेती ठरली.

अमेरिकेतील शेरमन पॉपेन यांनी १९६५ मध्ये आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या, तेथून या खेळाची वाट सुरू झाली. भारताचे सांगायचे तर, नागानोत आपला एकमेव खेळाडू होता १६ वर्षांचा शिवा केशवन. तो ल्यूजमध्ये (बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतीत) उतरला होता. २०२० पासून गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंग होते आणि महाराष्ट्राचे खेळाडूही या हिवाळी स्पर्धांत भाग घेतात. सानगडी-साकोली परिसरात बर्फ पडत नसला, तरी इथल्या मुलामुलींनी हिवाळी खेळ परके मानू नयेत. शाळांनी त्यांना या वाटेची माहिती जरूर द्यावी.