अद्भुतकथेची मराठी परंपरा : एका वाचकाच्या प्रश्नाच्या निमित्ताने

संकेश्वरसारख्या सीमेवरच्या गावी मराठी शिकविणाऱ्यास अधूनमधून असा एखादा विद्यार्थी भेटतो की, जो पुस्तके वाचीत नाही, पुस्तकांचा फडशा पाडतो. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद त्याने केव्हाच संपविलेले असतात. मग तो विचारतो, “सर, याच जातीचे, पण मूळ मराठीतले काय वाचू?” शिक्षक क्षणभर अडखळतो आणि सवयीने ‘स्वामी’ व ‘श्रीमान योगी’ ही नावे सांगतो. ही पुस्तके थोर आहेत यात शंका नाही. पण हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. मुलाला घडून गेलेल्या गोष्टी नको असतात, कधीच न घडलेल्या हव्या असतात. शिक्षकाच्या या अडखळण्यालाही एक इतिहास आहे, आणि तो जाणून घेतल्याखेरीज त्या मुलास नीट उत्तर देता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अद्भुतकथा ही आपल्याकडे पश्चिमेकडून आलेली वस्तू नव्हे. गुणाढ्याच्या पैशाची ‘बृहत्कथे’चा संबंध परंपरेने प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबाराशी जोडला आहे. मूळ ग्रंथ लुप्त झाला. परंतु अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याचा प्रवाह टिकून राहिला. विद्याधर, वेताळ, आकाशगमन, परकायाप्रवेश, कथेच्या पोटात कथा आणि तिच्याही पोटात आणखी एक कथा, ही सारी सामग्री तेथे आहे. ‘कादंबरी’ हा शब्दच पाहा. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ज्या कथेवरून तो आला, तिच्यात एकाच जीवाचे अनेक जन्म आहेत आणि कथा सांगणारा पोपट आहे. पुढे मराठीने व कानडीने, दोघींनीही, हेच नाव या वाङ्मयप्रकारास दिले. सीमाभागातील वाचकाला दोन भाषांत एकच शब्द मिळतो, आणि त्या शब्दाच्या मुळाशी अद्भुत आहे.

लोकमानसात हा रस पोथ्यांनी जागता ठेवला. मालूकवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ इ. स. १८१९ चा. त्याच्या चाळीस अध्यायांत मंत्रविद्या आहे, अस्त्रांची झुंज आहे, स्त्रीराज्यात गुंतून पडलेला गुरू आहे आणि त्याला सोडविण्यास निघालेला शिष्य आहे. भाविक ती पोथी पुण्यासाठी वाचतो. परंतु कथेच्या दृष्टीने पाहिले, तर अनेक नायकांची, एकमेकांत गुंतलेली, शक्ती आणि तिची मर्यादा यांचा विचार करणारी अशी ही एक सलग मालिकाच आहे.

मुद्रणकला आली तेव्हा मराठी गद्याने प्रथम ज्या वस्तू हाती घेतल्या त्यांत याच जातीच्या कथा होत्या. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’ निघाली. १८३० साली ‘वेताळपंचविशी’ आली. आणि १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांचे अपुरे राहिलेले काम पुढे विष्णुशास्त्र्यांनी चालविले. निबंधकार म्हणून ज्यांचा दरारा होता, त्यांनाही उडत्या गालिच्यांचे वावडे नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कादंबरीच्या आरंभाविषयी मात्र थोडे सावधपणे लिहिले पाहिजे. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) अद्भुत नाही. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी तीत विधवांच्या स्थितीचे चित्र काढले. परंतु ती वाट त्या काळी एकाकीच राहिली. पुढच्या पिढीचा वाचक रमला तो लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘रत्नप्रभा’ (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांत. कल्पित राज्ये, वियोग, कारस्थाने, योगायोगांची रेलचेल आणि शेवटी सज्जनांचे मीलन, असे त्यांचे स्वरूप आहे.

या कादंबऱ्यांना पुढे पोरकट ठरविण्यात आले. पण रिसबुडांनी ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत आपल्या पद्धतीचे जे समर्थन केले आहे, ते पोरकट नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आपल्या लोकांची विवाहपद्धती व इतर कारणे यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेणारे गुणही आढळत नाहीत आणि दोषही आढळत नाहीत; नित्य अनुभवाचेच लिहिले तर त्यात रस उरणार नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते. हे विधान उलटून वाचले तर तीच समाजाची टीका ठरते. जेथे बालवयातच लग्ने ठरून जातात, तेथे नायक-नायिकांनी एकमेकांस निवडावे कोठे? ते कल्पित राज्यातच शक्य होते. अद्भुत म्हणजे वास्तवाकडे फिरविलेली पाठ नव्हे. त्या काळच्या वास्तवात ज्याला जागा नव्हती, त्याला करून दिलेली ती जागा होती.

टीका लवकरच सुरू झाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून या लेखनाची चिकित्सा केली. हरिभाऊ आपटे ‘मधली स्थिति’ (१८८५) घेऊन आले आणि १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातील ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीने मराठी कादंबरीचे वळणच बदलले. राजवाड्यांनी १९०२ मधील ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा विचार केला. या परिवर्तनाने मराठीचे जे हित झाले ते निर्विवाद आहे. यमूचे दुःख कोणत्याही राजकन्येच्या दुःखापेक्षा वाचकाच्या अधिक जवळचे होते.

तथापि या हिताची एक किंमतही होती. अद्भुत नाहीसे झाले नाही. त्याची पंगत तेवढी वेगळी मांडली गेली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) आणि गोविंद नारायण दातारशास्त्री यांची ‘कालिकामूर्ति’ व ‘इंद्रभुवनगुहा’ ही पुस्तके वाचकांनी आवडीने वाचली, आणि समीक्षेने मात्र ती ‘रंजनपर’ या एका शब्दात आटोपली. सिंहगडावरून कोसळून अधू झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणाला खिळलेल्या देहाने धावत्या घोड्यांच्या कथा रचाव्यात, ही गोष्ट अद्भुताच्या प्रयोजनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. दातारांवर व एकूणच त्या काळच्या लेखनावर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचे ऋण आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. परंतु ‘मधली स्थिति’ही रेनॉल्ड्सच्याच आधाराने उभी राहिली होती, याची आठवण हा आक्षेप घेणाऱ्यांनी ठेवावी.

१९५२ साली ‘चांदोबा’ मासिक मराठीत निघू लागले. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाच्या कानडी व इतर भाषांतील आवृत्त्या त्याआधीच चालू झाल्या होत्या. महिन्यामहिन्याने पुढे सरकणाऱ्या अद्भुत कथा आणि विक्रम-वेताळाचे प्रश्न यांनी पिढ्या घडविल्या. सीमाभागात तर शेजारच्या घरी ‘चंदमामा’ आणि आपल्या घरी ‘चांदोबा’ असे एकच जग दोन लिपींत नांदू शकत होते. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा व विज्ञानकथा यांबरोबर समर्थ या व्यक्तिरेखेभोवती कथामालिका लिहिली. तिच्यात इष्ट आणि अनिष्ट शक्तींचा झगडा नव्या काळातील माणसांच्या अंगणात आला.

आणि मग जे घडले त्याचा उगम संकेश्वरपासून फार दूर नाही. चिकोडी तालुक्यातील एकसंबे येथे १९२३ मध्ये जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केलेले जी. ए. कुलकर्णी यांनी समीक्षेने दूर सारलेले अद्भुत मराठी कथेच्या केंद्रस्थानी आणून बसविले. ‘काजळमाया’तील ‘विदूषक’, ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’, ‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘ऑर्फियस’ यांत नाव-गाव नसलेली नगरे आहेत, राजे आहेत, भविष्यवाणी आहे. परंतु ‘मंजुघोषे’त योगायोग सज्जनांचा कैवारी असतो, तर जी. एं.च्या जगात तोच नियतीचे रूप घेतो आणि कोणाचीही गय करीत नाही. सामग्री जुनीच; प्रश्न मात्र प्रौढ माणसाचा.

येथे जगाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे उपयोगी ठरेल. इंग्लंडमध्येही परीकथा पाळणाघरात ढकलली गेली होती. जुन्या भाषांचे अध्यापक टोल्किन यांनी १९३९ च्या आपल्या व्याख्यानात तिचा कैवार घेतला. कैद्याने घराची आठवण काढणे आणि शिपायाने रण सोडून पळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पुढे १९५४–५५ मध्ये त्यांची तीन खंडांची कादंबरी आली. तिने जुनी पुराणे, मुलांच्या कथा आणि प्रौढांचे प्रश्न एका दीर्घ रचनेत बांधले. आपल्याकडे हे तिन्ही घटक आहेत, पण पोथी देवघरात, ‘चांदोबा’ मुलांच्या खोलीत आणि जी. ए. विद्यापीठाच्या कपाटात. तिघांना जोडणारी दीर्घ कादंबरी मराठीच्या मध्यप्रवाहात उभी राहिली नाही. त्या मुलाच्या प्रश्नापाशी शिक्षक अडखळतो तो याच कारणाने.

मग त्या विद्यार्थ्यास काय सांगावे? प्रथम ‘मुक्तामाला’ देऊ नये. तिची भाषा व संथ गती यांनी उत्साही वाचकही परत फिरेल. ती पदवीच्या वर्गासाठी ठेवावी. ज्याला साहस हवे त्याला ‘वीरधवल’ द्यावी. ज्याला कथेतून कथा निघण्याचे वेड आहे त्याला अरबी गोष्टी आणि त्यांच्या मागोमाग ‘कथासरित्सागरा’चा मराठी अनुवाद द्यावा. मंत्र, विद्या आणि गुरुशिष्य यांत जो रमतो, त्याला ‘नवनाथ भक्तिसार’ कथा म्हणून वाचून दाखवावा. ओवीची लय कानाला सवयीची झाली की पुढचे तो आपणच वाचील. ज्याला अंधाराची भीती हवीशी वाटते त्याला धारप द्यावेत. आणि वर्षा-दोन वर्षांनी, आनंदी शेवट नसला तरी चालेल इतके त्याचे मन तयार झाले म्हणजे, ‘इस्किलार’ त्याच्या हाती द्यावी. त्या वेळी हेही सांगावे की, हे लिहिणारा माणूस आपल्याच मुलखातला होता.

यात केवळ एका मुलाच्या वाचनाचा प्रश्न नाही. संकेश्वर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्यानंतर ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. जेथे कचेरीचा व्यवहार कानडीत आणि वरचे शिक्षण बहुधा इंग्रजीत, तेथे मराठीशी असलेले नाते पुष्कळ अंशी वाचनाच्या आनंदावरच टिकते. हा मुलगा कानडीत वाचील, इंग्रजीत वाचील. ते त्याच्या भल्याचेच आहे. दुःखाची गोष्ट एकच की, मराठीत आपल्याला हवे ते नाही, अशी समजूत करून घेऊन त्याने जावे, आणि ती समजूत आपल्या मौनाने पक्की व्हावी. इतिहासकार परंपरेच्या तुटलेल्या जागा दाखवितो. त्या जोडण्याचे काम पुष्कळदा वाचनालयाच्या दारात उभा राहून एक पुस्तक सुचविणाऱ्या शिक्षकालाच करावे लागते. एखादे वेळी त्याच वाचकांतून, आजवर लिहिली न गेलेली ती दीर्घ कादंबरी लिहिणाराही निघेल.