तिला विचारायला हवं

गावात उच्च-नीच किती, हे कसं मोजायचं? जमीन कोणाच्या नावावर, मजुरी किती, शिक्षण किती, हे आकडे लागतातच. पण जिनं ते सोसलं तिला काय वाटलं, हे आकड्यांतून कळत नाही. म्हणून समाजशास्त्राचे अभ्यासक तिलाच विचारतात आणि तिच्याच शब्दांत लिहून घेतात.

आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या. लेखिका ऊर्मिला पवार यांचा जन्म १९४५ साली रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावचा, दलित घरातला. वडील गेल्यावर आई बांबूच्या सुपं-टोपल्या विणून घर चालवी. 'आयदान' या २००३ सालच्या आत्मकथनात त्या सांगतात, टोपली पोचवायला गेलं की घेणारे आधी तिच्यावर पाणी शिंपडत, आणि पैसे वरून हातावर टाकत. सरकारी नोंदीत या आईचा धंदा 'टोपल्या विणणे' एवढाच येईल. शिंपडलेल्या पाण्याला तिथे रकाना नाही.

ऊर्मिलाताई आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून त्यांच्या आठवणी टिपल्या. 'आम्हीही इतिहास घडवला' हे ते पुस्तक १९८९ साली आलं. १९२७ साली महाडला आणि १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेला बायका गेल्या होत्या. पण त्या कोण होत्या, घरदार सांभाळून कशा गेल्या, हे त्यांना विचारल्यावरच पुढे आलं.

एकच गोष्ट कुणी 'नशीब' म्हणते, कुणी 'रीत', कुणी 'अन्याय'. जिच्या तोंडी 'अन्याय' आला, तिला तो शब्द कुठे मिळाला? शाळेत, सभेत की मुंबईला गिरणीत गेलेल्या भावाकडून? अभ्यासक हेच शोधतात.

आपल्या बचत गटालाही हे जमेल. वाडीतल्या जाणत्या आजीला 'तुम्ही गरीब होतात का?' असं विचारू नका. पाणी कुठल्या विहिरीचं आणायचात? लावणीला गेल्यावर जेवण कुठे वाढायचे, पडवीत की खळ्यात? मजुरी कोणाच्या हातात पडायची? असं विचारा. दोन वाड्यांतल्या दोघींना विचारा. एका घरात वाढणारी आणि त्याच घराच्या खळ्यात बसून जेवणारी, दोघींची आठवण वेगळी निघेल. तिची परवानगी असेल तरच नाव लिहा, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवा.

या आजी आहेत तोवरच हे विचारता येईल.